जांभळ्या शिक्क्याखाली

इंदूर, १२ जानेवारी १९९७

ती. नाना,

सादर जय भीम. तुमच्या नचिकेतदादांनी पुण्याच्या घरी फोन घेतल्याचं कळलं, पण मी पत्रच लिहितेय. फोनवर तुम्ही नुसतं "हां, हां" करता आणि विषय बदलता. पत्राला उत्तर द्यावंच लागतं.

मिलचं रेकॉर्ड आता रद्दीत जाणार, नाना. कोर्टानं नेमलेल्या साहेबांची माणसं खातेवार याद्या करतायत, आणि मिल बंद पडल्यावर पाच सालांनी टाइम ऑफिसचं कुलूप उघडलं. गेटवर अजून आपले मालोजी चौकीदारच आहेत. त्यांनी निरोप पाठवला, की तुझ्या बापाच्या वक्ताचा मस्टर निघालाय, नजर मारून जा. मी त्याच दुपारी गेले. मे १९८३चा मस्टर, १९ तारखेचं पान. उभ्यानंच उघडलं आणि बाबांच्या नावापर्यंत बोट नेलं.

रंगखात्यात सगळ्यांच्या नावापुढे साध्या निळ्या शाईत हजेरी आहे. बाबांच्या नावापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, लाल शाईच्या रेघाच रेघा आणि त्यावर जांभळा शिक्का, "गैरहजर". असा दाबून मारलाय की मागच्या पानावर उमटलाय. पण पान तिरकं धरलं की खाली पेन्सिलीची चमक दिसते. काहीतरी लिहिलंय, नाना. दोन ओळी तरी आहेत.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे माझं मलाच नीट लावता येईल. मिलनं सांगितलं होतं, तात्याराव त्या दिवशी पाळीवर नव्हताच, पिऊन आत शिरला आणि रंगाच्या हौदात पडून मेला. सगळ्या चाळीनं ते मानलं. आई चौदा सालांपासून सांगते, ते पीत नव्हते, मी सकाळी डबा बांधून दिला, ते कामावर गेले. तिचं कोण ऐकतं? लग्नाबिग्नात कुणी प्यायलं की बायका आईकडे बघतात. मी बारा सालांची होते, तेव्हापासून ते बघणं बघतेय. मला आता कुणाकडून काही मागायचं नाही. मिलच राहिली नाही, मागणार कुणाला? आईचं खरं होतं, एवढंच मला कागदावर बघायचंय.

तुम्ही तिथले टाइमकीपर, पण त्या दिवशी तुम्ही लग्नाला हातोदला होतात, असं तुम्हीच आईला सांगितलेलं मला आठवतं. म्हणजे मस्टर तुमच्या हाताखालच्या कुणीतरी लिहिला असणार. पान बाहेर न्यायची परवानगी नाही. याद्या करणाऱ्या उषाताई भल्या आहेत, म्हणाल्या, फाडू नको, फोटो घे हवे तेवढे. तर फोटोतून लाल आणि जांभळं उडवून पेन्सिल तेवढी कशी ठेवायची? अच्युत भियाच्या स्टुडिओत मी दिवसभर पासपोर्ट फोटो धुते, त्यात असलं काही शिकायला मिळत नाही. कॅमेरा हातात दिलात तुम्ही, शिकवलंत तुम्ही. आता हेही सांगा.

तुमची,
कीर्ती


पुणे, २३ जानेवारी १९९७

चि. कीर्तीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गुडघे आहेत तसेच आहेत, सूनबाई तेल लावायला लावते आणि मी कुरकुरत लावतो. इथे सगळे मला "आजोबा" म्हणतात. मल्हारगंजात पानवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे "नानाजी" म्हणायचे, त्याची आठवण येते.

तुझा खटाटोप मला उगीचचा वाटतो, हे आधीच सांगतो. मस्टरवर पेन्सिलीच्या खुणा असायच्याच. पाळी सुरू होताना पेन्सिलीनं टिपायचं आणि सुटताना शाईनं पक्कं करायचं, अशी रीत होती. कोण उशिरा आला, कोणाला कोणत्या खात्यात हलवलं, असली किरकोळ टिपणं. त्यात काही दडलं असेल असं मनात धरून बसलीस तर निराश होशील, आणि तुझ्या आईला, भीमाबाईंना, उगीच आशा लावशील.

तरी विचारलंच आहेस म्हणून सांगतो. साधी काळी-पांढरी फिल्म घे आणि हिरवा फिल्टर लाव. लाल आणि जांभळं दोन्ही त्यात फिकं पडतं. स्टँड पक्का ठेव. नाही जमलं तर जिवाला लावून घेऊ नकोस. सव्विसाव्या वर्षी माणसानं पुढे पाहावं.

तुझा,
नाना


इंदूर, ९ फेब्रुवारी १९९७

ती. नाना,

जय भीम. तुमच्या हिरव्या फिल्टरनं माझी पूर्ण वाट लावली!

रविवारी गेले, स्टँड लावला, सांगितलंत तसं सगळं केलं. फिल्म धुऊन प्रिंट काढली, तर बाबांच्या रकान्याच्या जागी डांबर ओतल्यासारखा काळा चौकोन. लाल काळं, जांभळं त्याहून काळं, पेन्सिलीचा पत्ता नाही. मला आधीपासून उलटंच वाटत होतं, पण म्हटलं, नाना सांगतात तर तसंच असेल. अच्युत भिया पोट धरून हसले. म्हणाले, "अरे कीर्ती, लाल उडवायचं तर लाल काच लावतात, ये तो बच्चा भी जानता है."

आणि खरंच, बच्चा असताना मला माहीत होतं! आठवतं का, तुमच्या गच्चीवर तुम्ही लाल काच माझ्या डोळ्यांपुढे धरली होती आणि माझी लाल रिबीन पांढरी झाली होती? मी रडले होते, रिबीन खराब झाली म्हणून. तुम्हीच मला समजावलं होतंत, की लालला लालमधून पाहिलं की ते पांढऱ्यात विरघळतं. नाना, तुम्ही हे विसरलात म्हणजे कमाल झाली. रागावून लिहीत नाहीये. तुमचं वय होतंय, हे मला त्या काळ्या चौकोनाकडे बघताना पहिल्यांदा जाणवलं आणि वाईट वाटलं. डोळे तपासून घ्या.

आता पुढचं ऐका. मनात शंका होती म्हणून त्याच रोलवर साधी लाल काच लावून उरलेली दोन चित्रं काढली होती. लाल रेघा गेल्या, पण जांभळा शिक्का अर्धवट राहिला, ढगासारखा. अच्युत भिया म्हणाले, ह्याला लालच्याही पलीकडचं बघणारी, इन्फ्रारेड फिल्म पाहिजे आणि याहून गडद काच. अशी फिल्म इंदूरात कुणी पाहिलेली नाही. पण माझा मामेभाऊ पंचशील मुंबईला फोर्टमध्ये कॅमेऱ्याच्या दुकानात लागलाय. तो म्हणतो, आता बाहेरचा माल खुला झालाय, सगळं मिळतं, एक रोल पाठवतो, काच पण पाठवतो. ज्या खुल्या बाजारापायी आपली मिल उठली असं लोक म्हणतात, तिथूनच ही फिल्म येतेय. हसू की रडू?

उषाताई म्हणतात, मार्चअखेर रद्दीचे ट्रक लागतील. तेवढाच टाइम आहे.

तुमची,
कीर्ती


पुणे, २० फेब्रुवारी १९९७

चि. कीर्तीस आशीर्वाद.

फिल्टरचं चुकलं खरं. म्हातारपण, दुसरं काय.

पण आता माझं ऐक. ती परदेशी फिल्म राहू दे. ती हाताळणं अवघड असतं, कॅमेऱ्यात भरतानाच उजेड खाते आणि पैसे पाण्यात जातात. आणि समज, काही दिसलंच, तर काय करणार आहेस? मॅनेजर वारले. डाईंग मास्तर आपल्या गावी गेले, हयात आहेत की नाहीत देव जाणे. ज्यांनी जे केलं ते गेले. राहिलेल्यांना त्रास देऊन तात्याराव परत येणार आहेत का? ते मला भावासारखे होते. त्यांच्या नावाचा असा रोज काथ्याकूट व्हावा असं मला वाटत नाही.

भीमाबाईंचं वय झालं. त्यांना शांतपणे राहू दे. तुझ्या लग्नाचं काही चाललंय का? महूला तुझ्या मावशीच्या ओळखीत एक शिक्षक मुलगा होता, त्याचं काय झालं, ते कळव. ही मिलची उकराउकर आता पुरे कर. मी सांगतोय म्हणून तरी पुरे कर.

तुझा,
नाना


इंदूर, १६ मार्च १९९७

ती. नाना,

जय भीम. तुमचं ऐकलं नाही. माफी मागते, पण अर्धीच, कारण जमलंय!

सगळं सांगते, तुम्हाला आवडेल. फिल्म पूर्ण अंधारात भरावी लागते, रजईत हात घालून भरली. काच इतकी गडद आहे की डोळ्याला लावली तर सूर्याखेरीज काही दिसत नाही. म्हणून आधी फोकस करायचा, मग काच लावायची, आणि मग कॅमेऱ्याला श्वाससुद्धा लागू द्यायचा नाही. सरळ मस्टरवर जायची हिंमत होईना. महूला मावशीकडे जाऊन आधी झाडांवर हात बसवला. तिच्या घरामागच्या कडुनिंबाची बारा चित्रं काढली, अंधारात फिल्म तेवढीच कापली, धुतली आणि प्रिंट काढली. नाना, कडुनिंब पांढरा! पान न् पान दुधासारखं, आणि मागे आकाश काळंशार. मावशी म्हणाली, हे कुठल्या देशातलं झाड आहे? मी त्या चित्राकडे पाहत बसले. इतका सुंदर फोटो मी आयुष्यात काढला नव्हता, आणि तो नुसता हिशेब बसवायला काढला होता.

मग मिलमध्ये गेले. मालोजींनी टाइम ऑफिसची पश्चिमेची खिडकी उघडून दिली, ऊन थेट पानावर. उषाताईंनी पानाचे कोपरे धरले. अर्ध्या सेकंदापासून आठ सेकंदांपर्यंत एकेक चित्र वाढवत नेलं. चोवीस चित्रं, सगळी त्या एका रकान्याची.

चार सेकंदांचं चित्र बसलं. लाल रेघा नाहीतच, जशा कधी मारल्याच नव्हत्या. शिक्का पुसट सावलीएवढा राहिलाय. आणि त्याखाली पेन्सिल, करकरीत. प्रिंट उमटत होती तेव्हा मी ती वेळेआधीच उचलायला गेले, भियांनी चिमटा माझ्या हातातून काढून घेतला.

पण मला वाचता येत नाही, नाना. ते बाळबोध नाहीच. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, वरची रेघ सलग. उषाताई म्हणाल्या, ही मोडी आहे, जुन्या होळकरी कागदांवर असते तशी. मिलच्या मस्टरवर मोडी कोण लिहील? तुमच्या ऑफिसात अजून कुणाला मोडी येत होती? मला मोडी वाचणारे एक तुम्हीच माहीत. मल्हारगंजात लोक तुमच्याकडे जुनी खतं वाचायला आणायचे आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाचायचात. इथे शोधलं तर आणखी कुणी मिळेल, पण बाबांची ही गोष्ट परक्यापुढे कशी ठेवू? तुम्ही घरचे आहात.

प्रिंट सोबत आहे. पुठ्ठ्यात घातलीय, वाकवू नका. काय लिहिलंय ते जसंच्या तसं कळवा. आईला अजून काही बोलले नाही. तुमचं उत्तर आलं की तिच्यासमोर बसून वाचणार आहे.

वाट पाहणारी,
कीर्ती


पुणे, ३० एप्रिल १९९७

चि. कीर्तीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी नव्हती.

प्रिंट चांगली आली आहे. तुझा हात बसला. अक्षर मोडीच आहे, घसीट आणि घाईचं. भिंगातून पाहिलं. लागतं ते इतकंच, "तात्याराव, रजा, घरगुती कारण." खाली तारीख. हाताखाली तेव्हा एक जुने कारकून होते, त्यांचं असावं.

म्हणजे ते रजेवर होते. पाळीवर नव्हते. माझ्या मते आता हा विषय मिटला.

तुझा,
नाना


इंदूर, २५ मे १९९७

ती. नाना,

जय भीम. तुमचं पत्र आल्यावर मी तीन दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले. मग आईला वाचून दाखवलं.

आई तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "रजा कशी असेल? मी डबा बांधला होता." मी म्हटलं, आई, कागदावर तसं आहे. ती म्हणाली, "वाचलं कोणी?" मी म्हटलं, नानांनी. तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "नाना म्हणतात तर खरं असेल. माझंच डोकं फिरलं होतं म्हणायचं. डबा आदल्या दिवशी बांधला असेल."

नाना, १९ तारखेला बाबांचा दिवस होता. दरसाल आई तसबिरीसमोर मेणबत्ती लावते, खीर करते, चाळीतल्या पोरांना वाटते. बोलावलं तर मोठी माणसं येत नाहीत, पोरं येतात. ह्या साली तिनं काहीच केलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "कशाला? चौदा साल मी लोकांशी भांडले. लोक खरे निघाले, मी खोटी निघाले. आता कोणत्या तोंडानं खीर वाटू?" कुणाशी बोलत नाही. काल शेजारीण पाणी भरताना काहीतरी टाकून बोलली. एरवी आईनं तिची बादली लाथाडली असती. काल मान खाली घालून आत आली.

मी हे का केलं, असं मला वाटतं. तुम्ही थांब म्हणाला होतात. न बघता ती निदान भांडत तरी होती.

रद्दीचे ट्रक गेले. टाइम ऑफिसची खोली झाडून रिकामी केलीय. माझ्याजवळ निगेटिव्ह राहिली तेवढीच.

तुमची,
कीर्ती


पुणे, ३ जून १९९७

कीर्ती,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून लिहिला नाही.

मी तुला खोटं वाचून दाखवलं. त्या कागदावर जे आहे ते अक्षरशः असं आहे:

"तात्याराव हजर, पहिली पाळी. शुद्धीवर. वाफ चालू असता हौदात उतरविले. मी गैरहजर केले. दि."

शेवटचं "दि" म्हणजे दिनानाथ. म्हणजे मी. अक्षर माझं आहे. लाल रेघा माझ्या आहेत. शिक्का मी मारला. हातोदचं लग्न आदल्या आठवड्यात होतं.

त्या सकाळी तात्याराव साडेसहाला माझ्या खिडकीशी आले. कीर्ती दहावीपर्यंत तरी शिकली पाहिजे, असं म्हणाले. नेहमीचंच बोलणं, रोज तुझं काहीतरी सांगायचे. पेन्सिलीनं हजेरी मांडली आणि ते आत गेले. हौद साफ करायचा होता. वाफ बंद करून हौद निवू द्यायचा तर पाळीचा खोळंबा होतो म्हणून मास्तरांनी तसंच उतरवलं. नऊ वाजता आरडाओरडा झाला. दहाला मला वर बोलावलं. मला कुणी दम दिला नाही, हे तुला कळायला हवं. मॅनेजरांनी मस्टर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "दिनानाथजी, देख लीजिए." एवढंच. नोकरी जाईल असं म्हणाले नाहीत, काही देऊ असंही म्हणाले नाहीत. नचिकेत तेव्हा बारावीला होता. मी पाहून घेतलं.

टेबलाशी परत आलो तेव्हा पेन्सिलीची खूण रबरानं खोडून वर मोडीत खरं काय ते लिहिलं. वर कुणाला मोडी येत नव्हती. मग त्यावर लाल शाई फिरवली आणि शिक्का मारला. खरं कुठेतरी लिहून ठेवलं, एवढ्यावर मी स्वतःला भला माणूस समजत राहिलो. कुणी ते वाचू नये याचीही सोय मीच केली होती. तू कधी त्याच्याखाली पाहशील हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

हिरवा फिल्टर मी जाणूनबुजून सांगितला. गच्चीवरची लाल काच मी विसरलो नव्हतो. तू मला म्हातारा समजून डोळे तपासायला सांगितलंस, तेव्हा ते निमूट मान्य केलं आणि पुढे आणखी खोटं लिहिलं. मिल चालू होती तोवर मला नोकरीची भीती होती. मिल बंद झाल्यावर तुझी भीती वाटू लागली. पुण्याला आलो ते नचिकेतच्या आग्रहामुळे, असं सगळ्यांना सांगतो. भीमाबाईंसमोर बसवत नव्हतं, हे खरं कारण.

त्यांनी दिवस पाळला नाही, हे वाचलं आणि मला कळलं की मी त्यांच्याकडून दुसऱ्यांदा हिरावून घेतलं. पहिल्यांदा नवरा खोटा ठरवला, या वेळी त्यांची स्वतःची आठवण.

माझ्या वाचण्यावर विसंबू नकोस. इंदूरात मोडी जाणणारे अजून आहेत, निगेटिव्ह दुसऱ्या कुणाला दाखवून ताडून घे. मला जे म्हणायचं ते म्हण. काही म्हणावंसं वाटलं नाही तरी मला समजेल.

दिनानाथ


इंदूर, १५ जून १९९७

दिनानाथजी यांस,

आई सांगतेय, मी लिहून देतेय. माझं स्वतःचं यात काही नाही. तुम्ही सांगितलंत तसं दुसऱ्याकडून वाचून घेतलं. या वेळी बरोबर वाचलंत.

कीर्ती

नाना, जय भीम. पोरीला म्हटलं, मी बोलते तसंच लिही, सुधारू नको.

तुमची चिठ्ठी ऐकली. पोरगी रडत वाचत होती, मी म्हटलं, रडणं नंतर, आधी ते परत वाच. शुद्धीवर, तो शब्द. तीनदा वाचायला लावला. तो एक शब्द मी चौदा साल मागत होते, नाना. मिलच्या गेटवर मागितला, पोलिसांत मागितला, चाळीत मागितला. आणि तो तुमच्या टेबलावर पडला होता.

तुम्ही दरसाल दिवाळीला यायचे. खाटेवर बसून माझ्या हातचा चहा प्यायचे. मी म्हणायचे, नाना, ते पीत नव्हते हो. तुम्ही म्हणायचे, भीमाबाई, जाऊ द्या, मन को शांत रखो. मी म्हणायचे, बघा, एवढ्या मोठ्या घरचा माणूस, आपल्या चाळीत येऊन समजावतो. तुमच्यासाठी कप वेगळा काढून ठेवला होता, चांगला, बशीवाला. आता त्या सगळ्या चहाचं काय करू, तुम्हीच सांगा.

त्या सकाळी मी डबा बांधला होता. वांग्याची भाजी आणि तीन भाकऱ्या. ह्या उन्हाळ्यात तुमच्या चिठ्ठीपायी मला वाटायला लागलं होतं, मीच पागल आहे. नवऱ्याला खोटं ठरवलं ते एका बाजूला. पण माझी सकाळ माझ्याकडून काढून घ्यायची नव्हती.

पोरीला शिकवलं तुम्ही, कॅमेरा दिला, कॉलेजात नाव घातलं. ते मी नाकारत नाही. ते खरं आहे आणि हेही खरं आहे. दोन्ही एका माणसानं कसं केलं ते मला समजत नाही, आणि समजून घ्यायला आता मला फुरसत नाही.

माफीचं विचारू नका. तुम्ही अजून विचारलं नाही, ते बरं केलं. मला द्यायची की नाही ते माहीत नाही, आणि चिठ्ठीवर तर देणारच नाही.

तुम्ही इंदूरला यायचं. ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी विहारात सगळी चाळ जमते. यंदाचा दिवस मी पाळला नव्हता, तो तेव्हा पाळणार. खीर करणार. पोरगी तो फोटो मोठा करून भिंतीला लावणार आहे, पण ती अक्षरं आमच्यापैकी कुणाला वाचता येत नाहीत. पोरीनं ज्यांच्याकडून वाचून घेतलं, ते वाचायला यायला तयार आहेत. मी नको म्हटलं. ज्यानं लिहिलं तोच वाचेल. तुम्ही उभं राहून वाचायचं, शेवटच्या "दि" पर्यंत, आणि तो "दि" कोण तेही सांगायचं. गुडघे दुखत असतील तर खुर्ची देऊ, पण वाचताना उभंच राहायचं.

आणि आवाज मोठा ठेवा. भिंतीला टेकून मागे लक्ष्मण बसतो. सांच्यावर, मागांच्या खडखडाटात काम करून त्याचे कान गेलेत. ह्यांना दारुड्या म्हणणारा पहिला तोच होता. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचा.

भीमाबाई तात्याराव